पुढे ढकललेली क्षमा



परवा दुपारी माझी नववीतली लेक इंग्रजीची वही घेऊन ओट्यापाशी आली. ‘पुढे ढकलणे’ या अर्थाचे शब्द शोधून वाक्यात वापरायचे होते.

“पोस्टपोन,” मी लगेच सांगितलं. तिने मात्र यादीच वाचून दाखवली. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पण कॉल ऑफ म्हणजे रद्दच करणं. गल्लत केली की मार्क गेले. अ‍ॅडजर्न म्हणजे चालू सभा तहकूब करणं. आणि प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे आपली चालढकल. लॅटिनमध्ये ‘क्रास’ म्हणजे उद्या. तो ‘उद्या’ या शब्दाच्या पोटातच बसलाय.

रेन चेक ऐकून मला हसू आलं. अमेरिकेत पावसाने बेसबॉलचा सामना थांबला की प्रेक्षकांना तिकिटावर नंतरचा सामना बघता येई. त्यावरून, आमंत्रण आज जमत नसेल तर ‘रेन चेक घेते’ म्हणायचं. मग आला बॅक बर्नर. घाई नसलेलं पातेलं मागच्या बर्नरवर सरकवतात ना, तसं एखादं काम मागे सारणं.

“मम्मी, याचं वाक्य सांग ना.”

वाक्य सुचलं होतं, पण सांगता येईना. माझ्या मागच्या बर्नरवर पाच वर्षं एक पातेलं तसंच होतं.

सासूबाईंच्या पाटल्यांवरून घाटकोपरच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंना मी चारचौघींत नको ते बोलले होते. चूक माझीच होती. त्यानंतर दर संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’चा फुलांचा फोटो शंभर जणांना पाठवायचे, त्यात त्यांचाही नंबर असायचा. त्यांच्याकडूनही तसाच फोटो यायचा. मुलुंडहून घाटकोपर धीम्या लोकलने पाचवं स्टेशन. पण ‘दिवाळीनंतर जाऊ’, ‘परीक्षा होऊ देत’ असंच चाललं होतं.

आपल्याकडे कषायांनाही मुदत सांगितली आहे. संज्वलन पंधरा दिवस, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण एक वर्ष. वर्ष उलटूनही धरून ठेवला तर तो अनंतानुबंधी, सम्यक्त्वाच्या आड येणारा. पक्खी, चौमासी आणि संवत्सरी प्रतिक्रमण त्याच मुदतींना येतं. हे मला लहानपणापासून पाठ. हिशेब मात्र स्वतःला कधी लावला नव्हता. राग केव्हाच विरला होता, उरला होता तो मान. आणि मान हाही कषायच.

पुढे ढकलणं सगळंच वाईट नाही हं. नवकारसी करतो तेव्हा सूर्योदयानंतर 48 मिनिटं आपण खाणं पुढे ढकलतो, पोरसीला एक प्रहर. संतापाचा शब्द, नको असलेली खरेदी, ताटातला दुसरा लाडू, हे खुशाल पुढे ढकलावं. आणि आपल्या लोकांच्या इंग्रजीत रुळलेला तो प्रीपोन शब्द, तो तर आपल्या स्वयंपाकघरात रोजचाच. चौविहारासाठी संध्याकाळचं जेवण आपण पिढ्यान्‌पिढ्या प्रीपोनच करत आलो. मी मात्र उलटं करत होते. भूक अलीकडे घेत होते आणि क्षमा पलीकडे ढकलत होते.

पर्युषणाला अजून दोन महिने होते. तरी त्याच दुपारी निघाले. विक्रोळी गेलं तसे पाय जड झाले. मनात आलं, आज घरी नसतील तर बरं.

दार त्यांनीच उघडलं. मी उंबऱ्यातच म्हटलं, “ताई, त्या दिवशी मी चुकले. मिच्छामि दुक्कडम्.”

त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला फार लागलं होतं गं.” आणि मग बरंच बोलल्या. मध्ये दोनदा मला उत्तर द्यावंसं वाटलं, ते मी पुढे ढकललं. शेवटी घड्याळाकडे बघून त्या उठल्या. “खिचडी टाकते. चौविहार करूनच जा.”

मैत्रिणींनो, सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही म्हणणार. पण काल त्यांचा फोन आला, खाकऱ्याला मेथी किती घालतेस म्हणून.

यंदा संवत्सरीचा मेसेज पाठवण्याआधी नंबरांची यादी एकदा सावकाश वाचा. त्यातलं एखादं नाव मेसेजचं नसतं, तिथे जायचंच असतं.

जय जिनेंद्र.