कान की कंडेन्सर?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्चाची वही सोडून स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना रुचणार नाही. परंतु तेरीजपत्रक जुळेनासे झाले म्हणजे फरक शोधण्याची जी शिस्त आम्हाला पाळावी लागते, तीच बिघडलेल्या यंत्रालाही लागू पडते.

आमच्या घरी कपाटावर मावणाऱ्या स्पीकरांची एक जोडी आहे. अ‍ॅम्प्लिफायर उजव्या पेटीतच बसवलेला. डाव्या पेटीकडे नुसती तार जाते. आजोबांची संध्याकाळ या जोडीवर अवलंबून. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व हे त्यांचे दैवत. कानडी घरातला हा गायक मराठी माणसाच्या घरोघरी पोचला, याचे आजोबांना भारी कौतुक. गेल्या वर्षी मात्र ते वरचेवर म्हणू लागले, "आवाज बारीक झालाय रे." बाकीच्यांना गाणे बऱ्यापैकी ऐकू येई. तेव्हा घरात निकाल लागला : वय झाले, कान गेले. श्रवणयंत्राची चौकशी सुरू झाली. आजोबांनीही तो निकाल मुकाट्याने स्वीकारला आणि स्पीकर लावणेच सोडले. मला हे खटकले. कारण शेजारच्या रेडिओवरील बातम्या खिडकीत बसून ऐकून तेच आम्हाला सांगत.

काकांनी दुप्पट वॉटचे नवे स्पीकर सुचवले. पण वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. तेव्हा खरेदीआधी तपासणी बरी.

प्रथम मोबाइलचा आवाज पूर्ण केला, मग दुसरा मोबाइल जोडला, मग तार बदलली. फरक नाही. आवाज दोन्ही पेट्यांतून सारखाच क्षीण येत होता. एकच पेटी मंद असती, तर डावी-उजवी बाजू अदलाबदल करून दोष तारेबरोबर सरकतो की पेटीतच राहतो, हे पाहता आले असते. दोन्ही स्पीकर एकाच वेळी निकामी होणे कठीण. म्हणजे बिघाड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर येई. वीज काढून त्यात क्लीनरचा फवारा मारला, बटण वीसेक वेळा फिरवले. खरखर गेली, आवाज तेवढाच राहिला. शांतपणे ऐकल्यावर ध्यानात आले, की तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा मात्र जवळजवळ नाहीसाच झाला आहे.

यापुढे माझे ज्ञान संपले. वीज काढली तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये भार शिल्लक राहतो, हे ठाऊक असल्याने पेटी घेऊन खडेबाजारात एका वयस्क कारागिरांकडे गेलो. आजोबाही हट्टाने बरोबर आले. ते मराठीत तक्रार सांगत, कारागीर कानडीत विचारत. दुभाष्याची कुणालाच गरज पडली नाही. कारागिरांनी सिग्नलच्या वाटेवरचे दोन छोटे कंडेन्सर काढले. वर १० मायक्रोफॅरड छापलेले. मीटरवर दोनही भरेनात. उष्णतेने ते आतून सुकले होते. असा कंडेन्सर खर्जाचा आवाज आधी अडवतो. त्याच मापाचे नवे, उणे खुणेची बाजू सांभाळून, डाग देऊन बसवले आणि गाणे लावले. आजोबांची मान डोलू लागली. कारागीर हसून मला म्हणाले, "तम्मा, अज्जार किवी चलो अदाव." आजोबांचे कान चांगले आहेत!

अगदी निर्दोष आहेत, असे मी म्हणणार नाही. वय वाढते तसे माणसाचे कान उंच पट्टीचे ध्वनी आधी गमावतात. इथे स्पीकरने खर्ज गमावला होता. आम्हा इतरांना निदान वरचे स्वर मिळत; आजोबांना दोन्हीकडून तोटा. म्हणून तेच एकटे तक्रार करत होते, आणि ती खरी होती.

दोन कंडेन्सरांची किंमत दोन कप चहाएवढी. पण ते सापडेपर्यंत सगळी तूट एका म्हाताऱ्या माणसाच्या नावे लिहिली गेली होती, आणि त्यानेही ती निमूटपणे मान्य केली होती. मित्रहो, घरातले कुणी वडीलधारे "ऐकू येत नाही" म्हणाले, तर डॉक्टरांकडे जरूर न्यावे. जाता जाता स्पीकरची तारही तपासावी.