युरोपियमची रेघ

वर्णपटाच्या जांभळ्या बाजूला, ४१२९.७ अँगस्ट्रॉमवर, युरोपियमची एक बारीक रेघ असते. माझ्या कामाची बरीच वर्षं या रेघेपाशी गेली. मी वाचते ते वर्णपट आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या अतिमंद बटू दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचे. दीर्घिका म्हटलं की भव्य काहीतरी डोळ्यांपुढे येतं, पण सेग्यू-१ नावाची अख्खी दीर्घिका सूर्याच्या जेमतेम काहीशे पट प्रकाश देते. मृगातला एकटा राजन्य तिच्यापेक्षा शेकडो पट तेजस्वी आहे.

आमचं गाव विट्याजवळ, घरचा धंदा गलाईचा. सांगलीतल्या खानापूर-आटपाडीची आणि साताऱ्यातल्या माण-खटावची माणसं दुष्काळापायी देशभर पांगली आणि सोनं-चांदी गाळण्यात नावाजली. जुने डाग मुशीत वितळवायचे, टाकणखार टाकून मळ काढायचा, सोन्याच्या तिप्पट चांदी मिसळायची आणि तो पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी गाळ उरतो. बघणाऱ्याला तो माती वाटेल, पण तेच शुद्ध सोनं. पुन्हा आटवलं की पिवळं होतं. हे सगळं मी आबांच्या भट्टीशेजारी बसून पाहिलेलं आहे. मला मात्र एक लाख प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा कस त्याला हात न लावता काढायचा असतो.

प्रत्येक मूलद्रव्याच्या काळ्या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात आणि रेघेच्या खोलीवरून त्याचं प्रमाण काढता येतं. पण खोली मोजायची कुठून? रेघा नसत्या तर तिथे प्रकाश किती असता, ती पातळी आधी ठरवावी लागते. सगळं कसब इथे आहे. रेघ दोन टक्के खोल असेल आणि पातळी एक टक्क्याने चुकली, तर माप निम्म्याने बदलतं. त्यात हे तारे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्याही पंचवीस हजार पट मंद. शिवाय मोजता येण्याइतके तेजस्वी ते बहुतेक तांबडे राक्षसी, म्हणजे जिथे रेघ आहे तिथेच प्रकाश सर्वांत कमी. मी संगणकावर तीन वक्र काढते: युरोपियम भरपूर असेल तर, थोडं असेल तर आणि अजिबात नसेल तर. पुष्कळदा मोजलेले ठिपके तिसऱ्या वक्राला बिलगतात. मग ‘यापेक्षा जास्त नाही’ अशी मर्यादा लिहायची. नव्या विद्यार्थ्यांना ही मर्यादा म्हणजे हात हलवत परत येणं वाटतं. मला ती पूर्ण वजनाची नोंद वाटते. सेग्यू-१ मधल्या ताऱ्यांत बेरियमसारखी जड मूलद्रव्यं जवळजवळ नाहीतच, हे कळलं ते असंच.

एवढ्या मंद ताऱ्यांमागे लागायचं कारण मुशीत आहे. दहा घरचे डाग एकदा आटले की कुठल्या पाटलीत किती तांबं होतं हे कोणी सांगू शकत नाही. आकाशगंगेत असंख्य स्फोटांची राख अशीच एकजीव झाली. या बटू दीर्घिकांत मात्र बहुतेक तारे विश्वाच्या पहिल्या एक-दोन अब्ज वर्षांतच जन्मले. स्फोट मोजकेच झाले. ताऱ्यांतलं लोखंड सूर्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमी, काहींत हजाराव्या. म्हणून एकेका स्फोटाची भर वेगळी ओळखता येते.

२०१५ मध्ये रेटिक्युलम-२ ही अशीच एक बटू दीर्घिका सापडली. विट्याच्या माळावरून डिसेंबरात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला पाहिलं, तर अगस्त्य आणि अग्रनद यांच्या मधल्या, क्षितिजाजवळच्या रिकाम्या पट्ट्यात ती असते. डोळ्यांना काही दिसत नाही. पुढच्या वर्षी अलेक्झांडर जी, ॲना फ्रेबेल आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या मॅगेलन दुर्बिणीने मिळवलेले तिच्या नऊ ताऱ्यांचे वर्णपट प्रसिद्ध केले. नऊपैकी सातांत बेरियम, युरोपियम अशी जड मूलद्रव्यं अशा इतर दीर्घिकांच्या शेकडो पट! तो आलेख मी पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला झोप आली नाही. नेहमीच्या सुपरनोव्हांनी एवढं युरोपियम केलं असतं तर लोखंडही भरमसाट वाढलं असतं, आणि ते तर वाढलेलं नव्हतं. म्हणजे क्वचितच घडणारी एकच मोठी घटना.

आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, “मग सोनं दिसलं का गं?”

“न्हाई आबा. सोन्याच्या रेघा अतिनील प्रकाशात असतात, हवा तो खाली येऊच देत न्हाई. सोन्याच्या संगतीनं जे तयार हुतं, ते दिसतं.”

“म्हंजे शेजाऱ्याची साक्ष. आन् शेजारी खोटं बोलला तर?”

प्रश्न रास्त होता. बेरियम म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात सावकाशही तयार होतं, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबता येत नाही. पण सावकाश प्रक्रियेत युरोपियम फारसं होत नाही. दोहोंचं गुणोत्तर काढलं की उलगडा होतो, आणि इथे ते न्यूट्रॉनांच्या भडिमारात सेकंदाभरात घडणाऱ्या प्रक्रियेचं निघालं. सोनं आणि प्लॅटिनम घडवणारी प्रक्रिया तीच. १७ ऑगस्ट २०१७ ला तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळले आणि ती प्रक्रिया प्रत्यक्ष पाहायला मिळाली.

तरी रेटिक्युलम-२ मध्ये घडलं ते तसंच, असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये बत्तीस ताऱ्यांची मोजमापं आली. सुमारे ७२ टक्के ताऱ्यांत जड मूलद्रव्यं आहेत, आणि त्यांतलं बेरियम जवळजवळ सारखं आहे. ते इतकं एकसारखं मिसळायला ताऱ्यांच्या जन्माच्या दोन सत्रांमध्ये निदान दहा कोटी वर्षांचा खंड लागतो. शिवाय घटना लवकर आणि मोठी घडलेली असावी: झटपट आदळलेले न्यूट्रॉन तारे, नाहीतर वेगाने फिरत कोसळलेला एखादा अवाढव्य तारा. मला स्वतःला दुसऱ्या शक्यतेकडे जास्त लक्ष द्यावंसं वाटतं, कारण दोन न्यूट्रॉन तारे जवळ येऊन आदळायला बहुधा बराच काळ जातो.

माझा जीव आता उरलेल्या अठ्ठावीस टक्क्यांत अडकला आहे. ते तारे बहुधा त्या घटनेच्या आधीचे, त्या दीर्घिकेतल्या पहिल्या पिढीजवळचे. त्यांच्यात मॅग्नेशियमच्या रेघा वाचता येतात. ४१२९.७ वर नुसता खडबडीत प्रकाश असतो, आणि मी तिथली मर्यादा आणखी खाली नेते आहे.