पॉइंट कुठं काढायचा, भाऊ?

नकाशा उलगडला की मालक आधी दिशा सांगतो. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, दार पूर्वेला. ते सगळं ऐकून घेतलं की मी विचारतो, "महालक्ष्म्या कुठं बसवता?" तो गोंधळतो. वायरमनला महालक्ष्म्यांचं काय पडलंय? पण आमच्या भंडाऱ्याकडं ज्या घरी महालक्ष्म्या असतात तिथं तीन दिवस दिव्यांच्या माळा, फिरती चक्रं, एखादं कारंजं हे सगळं एकाच कोपऱ्यात चालतं. त्या कोपऱ्यात पॉइंट नसेल तर बाजूच्या खोलीतून वायर येते, उंबरठा ओलांडते, सतरंजीखाली शिरते आणि जेवायला आलेलं सगळं गाव तिच्यावरून चालत जातं. नव्या घरात लोंबणारी, लोळणारी प्रत्येक वायर मला असंच सांगते, की बांधताना हे कुणी विचारलंच नाही.

विचारायची वेळ फार थोडी असते. स्लॅबची सळाख बांधून झाली की पंख्याचे डबे आणि पाइप टाकून घ्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी काँक्रीटचा मिक्सर लागला की तो निर्णय कायमचा. भिंतींचं जरा बरं असतं. वीटकाम झालंय, प्लास्टर बाकी आहे, अशा दिवसांत मी खडू घेऊन उघड्या विटांवर चौकटी काढतो आणि मालकाला सांगतो, "घरच्यांना घेऊन या." तो एकटाच येतो. "प्रत्येक खोलीत दोन बोर्ड मारून टाका न भाऊ, त्यात विचारायचं काय?" मग मी पुन्हा सांगतो.

घरातली बाई येते तेव्हा कामाला खरी सुरुवात होते. लाखनीकडच्या एका घरात वहिनी आल्या, भिंतीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मले तर आतापर्यंत कोणी इचारलंच नाही." त्यानंतर मालक गप्प आणि त्या बोलत्या. मिक्सर सिंकच्या उजवीकडं नको, पाणी उडतं. सासूबाईंचा पलंग या भिंतीला येईल, त्यांना रात्री उठायच्या आधी हाताशी बटण पाहिजे. कपाट इथं नाही, तिथं. कपाटाची जागा कळली म्हणजे माझं अर्धं काम झालं. बोर्डासमोर कपाट उभं राहिलेली घरं मोजायला बसलो तर यादी संपणार नाही.

स्वयंपाकघरात माझा हट्ट जास्त असतो. ओट्याच्या वर वीतभर उंचीवर किमान तीन पॉइंट, त्यांतले दोन १६ अँपिअरचे. लोक म्हणतात एवढे कायले? हिशेब साधा आहे. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते. दीड हजार वॅटची किटलीसुद्धा साडेसहापर्यंत जाते. म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटला दोन्ही झेपत नाहीत, आणि बाजारातल्या स्वस्त एक्स्टेंशन बोर्डाच्या बारीक वायरीला तर नाहीच नाही. त्यातून ती वायर गुंडाळून ओट्यामागं दाबून ठेवलेली असते. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही, वरचं प्लास्टिक मऊ होतं. वास आला की मला फोन येतो.

पण विदर्भात घर बांधणाऱ्यानं सगळ्यात आधी विचार करावा तो कूलरचा. घरं बांधली जातात हिवाळ्यात, कूलर आठवतो एप्रिलमध्ये, पारा चाळीसच्या वर गेल्यावर. मग तो लोखंडी स्टँडवर खिडकीबाहेर बसतो आणि त्याची वायर खिडकीतून आत येते. खिडकी अर्धवट उघडी, फटीत कोंबलेला पुठ्ठा, वायर चौकटीच्या धारेवर घासतेय. प्लगची तिसरी पिन बहुधा मोडलेली असते. नाहीतर प्लगच नसतो, उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठासलेल्या.

कूलर म्हणजे पत्र्याचं अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, आणि बाहेर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून बादली ओतणारं माणूस. पंपाची वायर सोलली की सगळा पत्रा जिवंत होतो. थ्री पिन प्लगची अर्थची पिन लांब आणि जाड असते ती यासाठीच. आत जाताना ती आधी टेकते, बाहेर येताना शेवटी सुटते. ती पिन मोडून टाकणाऱ्या घरात मी काम करायला नाही म्हणत नाही, पण बोलून मात्र घेतो.

दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. अर्थिंगचा खड्डा आपण मीठ-कोळसा घालून पावसाळ्यात भरला, तेव्हा माती ओली होती. मे महिन्यात तीच माती फुटून भेगाळते आणि कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही. म्हणजे कूलर चोवीस तास चालतो नेमक्या त्याच दिवसांत अर्थिंग सगळ्यात दुबळं असतं. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला, हे मी प्रत्येक घरात सांगतो. तुळशीला रोज घालतात, याला विसरतात. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही लावतो. ती पडली की मालक तक्रार करतो, "सारखी पडते, काढून टाका." पडते म्हणजे कुठंतरी करंट गळतोय. बहुतेक वेळा कूलरच निघतो.

कूलरचा पॉइंट मी खिडकीच्या आत, चौकटीच्या वर आणि बाजूला काढतो. बटण आतच, म्हणजे पाणी भरायच्या आधी ते बंद करून प्लग काढता येतो. भिंतीतून बाहेर तिरका पाइप, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला. पाणी आत येत नाही, खिडकीही लागते. एवढं केलं की पुठ्ठा लागत नाही.

मग रोवणीचे दिवस येतात आणि विजा. धानाच्या बांधीत माणसं असताना वीज पडल्याच्या बातम्या आपल्याकडं दरसाल असतात. घरातल्या टीव्हीचं काय होतं ते दुय्यम, पण तोही जातो. एमसीबी आभाळातली वीज अडवत नाही. आभाळ भरून आलं की गरजायच्या आधीच प्लग हातानं उपसून काढणं हाच सोपा उपाय. आता टीव्हीचा प्लग भिंतीला ठोकलेल्या फर्निचरमागं असेल तर तो कोण उपसणार? सुताराशी माझं भांडण होतं ते इथं. त्याला सगळं झाकायचं असतं, मला हात पोचायला हवा असतो. त्यातून धानाची पोती घरात असली की उंदीर आलेच, आणि उंदराला फर्निचरमागचा अंधार आवडतो. मागचा एक पल्ला उघडता राहू द्या, एवढ्यावर सहसा तडजोड होते.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीला मध्य प्रदेशातला पाऊस आणि तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी मिळून वैनगंगा भंडारा शहरात शिरली. पाणी ओसरल्यावर जे बोर्ड उघडले, त्यांतून गाळ निघाला. जमिनीखालून नेलेल्या पाइपांत पाणी कितीतरी दिवस तसंच साचून होतं. स्लॅबमधून वरून खाली उतरवलेल्या पाइपांतलं पाणी मात्र निथळून गेलं होतं आणि तिथल्या वायरी वाचल्या. नदीकाठच्या वस्तीत आता मी सगळं वरूनच उतरवतो. फूटभर उंचीवरचे देखणे प्लग तिथं काढत नाही, आणि खालचे पॉइंट वेगळ्या एमसीबीवर ठेवतो, म्हणजे ते बंद केले तरी वरचे दिवे चालू राहतात.

पवनीच्या जुन्या वाड्यांत अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग दिसतं. दिसायला ओबडधोबड, पण वायर कुठून कुठं जाते ते लहान पोरालाही कळायचं. आता सगळं भिंतीच्या पोटात. म्हणून प्लास्टरच्या आधी भिंतीला टेप लावून प्रत्येक खोलीचे फोटो काढायला लावतो. फ्रेम टांगायला ड्रिल घेतलं की ते फोटो शोधले जातात.

शेवटचा वाद रिकाम्या पाइपाचा. "वायर टाकायची नाही त्या पाइपाचे पैसे कायले?" मी सांगतो, इन्व्हर्टर आला तेव्हा भिंती फोडल्या, इंटरनेटची केबल आली तेव्हा फोडल्या. २०२४ मध्ये गच्चीवरच्या सौर पॅनेलांसाठी पीएम सूर्यघर योजना आली आणि गच्चीवरून मीटरपर्यंत वायरी बाहेरून लोंबायला लागल्या. आता बॅटरीची स्कूटर आलीय, तिचा चार्जर खिडकीच्या गजातून बाहेर येतो आणि पावसात भिजतो. त्यामुळं गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप आणि पोर्चमध्ये १६ अँपिअरचा एक पॉइंट हल्ली मी न विचारताच खडूनं काढून ठेवतो. मालकाला नको असेल तर त्यानं पुसावा. एकानं पुसला होता. परवा त्याचा फोन आला, स्कूटर घेतली म्हणून.