मागणीचे मोल

घर विक्रीस काढलेल्या मनुष्याला पहिली मागणी आली की त्याला केवळ आकडा ऐकू येतो. त्या आकड्यामागे उभ्या असलेल्या अटी, मुदती आणि अडचणी त्याच्या कानी घालणे, येथूनच आमच्यासारख्या मध्यस्थाचे खरे काम सुरू होते. पुण्याच्या पेठांतील जुनी घरे आणि पुढे त्यांच्या जागी उठलेल्या इमारतींतील सदनिका यांचे व्यवहार जुळविण्यात माझी उमेद खर्ची पडली, आणि त्यातून एवढे निश्चित उमजले की सर्वांत मोठी मागणी आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीपर्यंत सुखरूप पोचणारी मागणी या दोन्ही एकाच गिऱ्हाइकाकडून क्वचितच येतात.

सदाशिव पेठेतील एका सदनिकेसाठी, जिचे मालक दोन भाऊ व एक बहीण होते, एकाच सुमारास तीन मागण्या आल्या. पहिलीचा आकडा सर्वांत भरघोस. पण त्या गृहस्थांना रक्कम उभी करायची होती ती कोथरूडचे स्वतःचे घर विकून, आणि त्या घराला अद्याप गिऱ्हाईकच नव्हते. दुसरी मागणी तिच्याहून कमी, बँकेच्या कर्जावर अवलंबून. मात्र कर्जमंजुरीचे पत्र त्यांनी आधीच हाती घेतले होते. तिसरी सर्वांत कमी, पण सारा पैसा घरचा. अट एकच, ताबा महिन्याभरात हवा, आणि इकडे वृद्ध वडिलांना दिवाळी त्याच घरात करायची होती. आता बँक म्हटली की तिचा वकील मूळ दस्तऐवजांची साखळी मागणार, तीस वर्षांचा शोध-अहवाल पाहणार, सोसायटीचे ना हरकत पत्र मागणार, आणि तिचा मूल्यमापक ठरल्या किमतीहून कमी आकडा लिहून सारा बेत हलवू शकणार. परंतु येथे कागद स्वच्छ होते, म्हणून दुसरी मागणी पत्करण्याचा सल्ला मी दिला व तो तिन्ही भावंडांनी मानला. त्यांची किमान किंमत आणि वडिलांची सोय या दोन बाबी त्यांनी मागण्या येण्यापूर्वीच लिहून सह्या करून ठेवल्या होत्या, म्हणूनच हा निर्णय तंट्याविना झाला.

आलेल्या मागणीवर घासाघीस करावी काय, हा प्रश्न याहून नाजूक आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे स्वीकृती निरपवाद आणि बिनशर्त असावी लागते. ‘पाच लाख वाढवा, घर तुमचेच’ असे म्हणणारा मालक मागणी स्वीकारीत नसून ती नाकारून स्वतःची नवी दरखास्त पुढे करीत असतो. इंग्लंडात 1840 साली हाइड विरुद्ध रेंच या खटल्यात, हजार पौंडांना देऊ केलेल्या शेतमळ्यासाठी गिऱ्हाइकाने साडेनऊशे सांगितले आणि ते नाकारले गेल्यावर हजार कबूल केले, तेव्हा मूळ प्रस्ताव त्याच्या साडेनऊशेनेच संपुष्टात आला होता असा निवाडा झाला; तेच तत्त्व आपल्याकडेही चालते. म्हणून जी मागणी हातची गेली तरी चालेल, तीवरच अधिक मागावे. जी जाऊ नये असे वाटते, तीवर आकड्याला हात न लावता मुदत, ताबा आणि भरण्याचे हप्ते यांविषयी केवळ पृच्छा करावी.

इसार घेतला की मात्र वाटाघाटीचे दार बंद झाले असे समजावे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये विक्रीच्या नुसत्या कराराने खरेदीदाराचा घरात हक्क उत्पन्न होत नाही, हे खरे. पण करार पुरा करून घेण्यासाठी त्याला दावा लावता येतो, आणि अशा दाव्यांविषयीच्या कायद्यात 2018 साली झालेल्या दुरुस्तीपासून तसा हुकूमनामा देण्या-न देण्याची न्यायालयाची मोकळीक बरीच आकुंचित झाली आहे. दोघांकडून इसार घेणारा मालक म्हणूनच कोर्टाची पायरी स्वतःच बांधतो. शिवाय 2015 पासून अशा व्यवहारात 20,000 रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याचा मज्जाव आहे. तेव्हा नोटांचे पुडके पुढे करणाऱ्या गिऱ्हाइकाची उत्सुकता मालकाला महाग पडते.

नसलेले गिऱ्हाईक उभे करून असलेल्याला चढवावे, ही आमच्या पेशातील जुनी खोड. ती मी पाळली नाही, याचे कारण निव्वळ सात्त्विकता नव्हे: पेठांत वार्ता लवकर फिरते, आणि एकदा खोटी ठरलेली जीभ पुढच्या खऱ्या आकड्यालाही निरुपयोगी करते. ज्यांना नकार द्यायचा, त्यांना तो त्याच दिवशी आणि आदराने कळवावा. पहिले गिऱ्हाईक कर्जावाचून अडले तर दुसऱ्याचाच उंबरठा चढावा लागतो.

राहता राहिली माझी दलाली. ती शेकडा एक धरली, तर मालकाला दोन लाख अधिक मिळवून दिल्याने मला दोन हजारच मिळतात, आणि व्यवहार आजच उरकला तर सबंध दलाली पदरात पडते. अर्थात ‘हीच घ्या’ असे म्हणणाऱ्या मध्यस्थाचा स्वार्थ मालकाच्या स्वार्थाशी पुरता जुळत नाही. म्हणून प्रत्येक मागणीची रक्कम, अटी, मुदत आणि पैशाचा उगम एका तक्त्यात मांडून, माझा कल व त्याची कारणे खाली लिहून, तो कागद मी मालकाकडे रात्रभर ठेवतो. मालकाने सकाळी येऊन माझे मत खोडले, तर ते खोडण्याची साधनेही मीच पुरविलेली असावीत, असा माझा आग्रह असतो.