मशीन बदलाल, पाण्याचं काय?

ठिबकणारं कॉफी मशीन एकदम बंद पडत नाही, आधी कुरकुरतं. भांडं भरायला दुप्पट वेळ लागतो, कॉफीपेक्षा वाफच जास्त निघते आणि एका सकाळी दिवाही लागत नाही. मग ‘हल्लीच्या वस्तूंत दम नाही’ म्हणत नवं मशीन येतं आणि कालांतराने त्याच वाटेने जातं. लागोपाठ दोन मशीनं एकाच तऱ्हेने बंद पडत असतील, तर दोष आधी पाण्यात शोधावा. या साध्या मशीनमध्ये पंप नसतो. तळाशी कॉइल, तिला लागून धातूची नळी; नळीतलं पाणी उकळतं आणि बुडबुडेच त्याला वर ढकलून कॉफीच्या पुडीवर सोडतात. बोअरवेलचं जड पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट नळीत थर धरतं. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा क्षार तो हाच. नळी अरुंद होते, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कॉइल भलतीच तापते आणि थर्मल फ्यूज उडतो. आग लागू नये म्हणूनच तो तिथे बसवलेला असतो. आपण मात्र त्यालाच बिघाड समजतो.

यावर कुणी म्हणेल, फ्यूज स्वस्त असला तरी मजुरी आणि हेलपाटे धरले तर नवं मशीनच परवडतं. हिशेब खोटा नाही, अर्धवट आहे: पाणी तेच राहिलं तर हाच खर्च पुन्हा दारात उभा. त्यापेक्षा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून अधूनमधून मशीनमधून फिरवावं, मग दोनदा साधं पाणी. क्षार आम्लात विरघळतो, नळी मोकळी होते. नुसता फ्यूज बदलून भागत नाही, आणि ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला तर सरळ नकार द्यावा, कारण मग कॉइलला आवरणारं काही उरतच नाही. अर्थात दुरुस्तीचा हट्टही नको. तळातून पाणी गळून वायरींपर्यंत जात असेल किंवा तळाचं प्लॅस्टिक वितळलं असेल, तर ते मशीन भंगारात न टाकता ई-कचऱ्यात द्यावं. पण नवं घेताना रंग आणि बटणं पाहण्याआधी सुटे भाग मिळतात का, ते विचारावं. १९३३ साली इटलीत निघालेला बियालेत्तीचा मोका पॉट आजही घराघरांत चालतो; त्यात झिजणारा भाग मुख्यतः रबरी वॉशर, आणि तो सुटा मिळतो. विजेच्या मशीनकडून इतकी अपेक्षा गैर नाही. सुटे भाग मिळणार नसतील, तर दुसरं दुकान गाठा.