वाटणीपत्रातला संसार

आमच्या सीमाभागात जुना कागद सापडला म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मराठीत आहे की कानडीत?” 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या पाठीशी आहे. तो क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. त्यापायी इथल्या माणसांनी तुरुंग पाहिला आहे. पण त्याचे उत्तर मिळाले की कागद पुन्हा गुंडाळला जातो, आणि त्या कागदातली माणसे काय खात होती, कशावर निजत होती, हे विचारायचे राहून जाते.

बोरगावात आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांनी जुने घर उतरवले, तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. मी मोडी वाचतो हे गावाला ठाऊक असल्याने ती माझ्याकडे आली. शेजारी म्हणाले, “सर, ह्यात जमिनीचं कायतरी असलं तर बघा, न्हाईतर बंबात घालतो.” आमच्याकडचे निम्मे दप्तर असेच आंघोळीचे पाणी तापवून गेले आहे!

जमिनीचे फारसे काही नव्हते. साऱ्याच्या पावत्या होत्या, सावकाराची खते होती, आणि शके 1821 चे, म्हणजे 1899-1900 सालचे, तिघा भावांचे वाटणीपत्र होते. ते वाचताना मी संध्याकाळचा चहा विसरलो. तांब्याचे हंडे दोन, पैकी एक डाग दिलेला. दोहोंचे वजन शेरांत. बैलजोडी थोरल्याकडे, गाडी मधल्याकडे, आणि नांगरटीच्या दिवसांत दोन्ही एकमेकांना द्यायची अशी अट. विहिरीवर मोटेच्या पाळ्या कुणी कोणत्या वारी धरायच्या तेही लिहिलेले. बांधावरच्या आंब्याची फळे तिघांत. घोंगडी चार. एवढी घासाघीस करून चार घोंगडी वाटून घेणाऱ्या घरात माणसे किती होती, असा हिशेब मी करू लागलो, आणि त्या वर्षीची थंडी मला अंगावर जाणवली. प्लेग 1896 साली मुंबईत येऊन पुढे आमच्या जिल्ह्यातही पसरला होता. वाटणी त्यानंतरची.

शेवटी एक कलम आहे. आईस दरसाल जोंधळा आणि दोन लुगडी, तिघांनी मिळून द्यावी. जाते आईकडे राहावे. तिघा भावांची नावे बापाच्या नावासकट आहेत, साक्षीदारांची आहेत, लिहिणाराचे आहे. हंड्याचे वजनही आहे. आईचे नाव मात्र कुठेच नाही. शेजाऱ्यांच्या घरात सर्वांत वयस्क असलेल्या आत्याला मी विचारले. त्या म्हणाल्या, “थोरली आई म्हणत्यात तिला. नाव कोण इचारतंय?” जाते मात्र परसात धुण्याच्या दगडाशेजारी उपडे पडलेले होते.

सामान्य माणूस कागदावर येतो तो कर्ज काढल्यावर, भांडल्यावर किंवा सरकारने मोजल्यावर. हे आमच्याकडेच असे नाही. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळी घरचा कर्ता माणूस मेला की शेजारीपाजारी जाऊन त्याच्या चीजवस्तूची याद करीत: पलंग, भांडी, कुदळ, गाय, आणि प्रत्येकाची किंमत. अशा हजारो यादी वाचून तिथल्या अभ्यासकांनी घरात खुर्च्या किती होत्या, काटे-चमचे केव्हा आले, हे शोधून काढले. व्हर्जिनिया-मेरीलँडकडे तर सतराव्या शतकात ही किंमत पुष्कळदा तंबाखूच्या पौंडांत लिहीत. निपाणीच्या वखारी पाहिलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटेल. पण त्याच यादीत गुरांच्या मागोमाग गुलाम माणसे येतात, तीही किमतीसह, आणि गंमत संपते.

तिथल्याच मेन प्रांतातल्या मार्था बॅलर्ड ह्या सुईणीने 1785 पासून 1812 पर्यंत रोजनिशी लिहिली. हवा कशी होती, आज किती सूत काढले, कुणाची सुटका केली, एवढेच. असल्या किरकोळ नोंदींत काय आहे, असे पूर्वीच्या इतिहासकारांना वाटले. लॉरेल थॅचर उलरिक ह्या विदुषीने त्याच नोंदींवर 1990 साली ग्रंथ लिहिला, आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. आमच्या गावच्या सुईणींनीही शेकडो बाळंतपणे केली असतील. त्यांच्या हाती बोरू कुणी दिला नाही.

आपल्याकडे पाहणारे डोळे होते, नाही असे नाही. पुण्याजवळच्या लोणीचा थॉमस कोट्स ह्या इंग्रज डॉक्टरने लिहिलेला वृत्तांत 1823 साली छापला गेला. बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर 1884 चे. त्यात जातवार जेवण आणि पेहराव दिला आहे, पण मोजणी करणाऱ्याच्या सुरात. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गावगाडा’ 1915 चा, आणि माझ्या मते आजही त्याला तोड नाही. तरी तेही महसूल खात्यातले. बलुत्याच्या हक्कावर बोलताना त्यांच्यातला अंमलदार जागा होतो.

थोरल्या आईपर्यंत पोचायचे तर कागद सोडून जात्याकडेच जावे लागते. गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर ह्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखावर ओव्या जमा केल्या. माहेर, सासर, पाऊस, कर्ज सगळे त्यांत आहे. आमच्याकडे तर एकाच आळीत एका दारी मराठी ओवी आणि पलीकडच्या दारी ‘बीसुकल्लिन पद’ म्हटले जाई. दळण दोन्हीकडे जोंधळ्याचेच.

म्हणून नववीच्या मुलांना मी दिवाळीच्या सुट्टीत एक काम दिले. आजीकडे बसायचे, तिच्या लहानपणी स्वयंपाकघरात काय काय होते त्याची याद करायची, ती म्हणेल त्याच भाषेत, आणि वरती आजीचे पूर्ण नाव लिहायचे, माहेरचेही. मुलांनी आठ-दहा ओळींत उरकले. एका मुलीने मात्र पाने भरून आणली. तिची आजी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. घरात एकच पितळी होती, आणि ती वडिलांची. बाकीच्यांनी भाकरी हातावर घ्यायची. वखारीतून आल्यावर किती धुतले तरी हाताचा वास जात नसे, आणि धाकटे लेकरू तो वास आला की अंगावर प्यायचे नाही, रडत राही.

ही शेवटची ओळ लिहायची का नको, म्हणून ती मुलगी वही घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी उभी होती. आजी म्हणाली होती, असलं लिहू नको. मी म्हटले, आजीला पुन्हा एकदा विचार. दुसऱ्या दिवशी ती ओळ तशीच होती, आणि खाली आजीने सांगितलेले त्या लेकराचे नाव.