दिल्लीकरांनो, क्रूझला निघताय?

क्रूझचे बुकिंग करताना आपण केबिन आणि जेवण विचारतो. दिल्लीचे धुके मात्र हिशेबात धरत नाही. कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागली. दिल्लीत मुलांना सुट्टी मिळते ती मे-जूनमध्ये किंवा ऐन थंडीत. पावसाळ्यात हे जहाज काही वर्षे चेन्नईहून सुटले आहे, म्हणून तिकिटावरचे बंदर आधी वाचा. आणि जानेवारीत धुक्यामुळे विमाने, गाड्या तासन्‌तास रखडतात. जहाज कुणासाठी थांबत नाही. चेक-इन तर सुटण्याच्या बरेच आधी बंद होते. तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठा. दादर-ठाण्यात मावशी-काका असतील तर हॉटेलचा खर्चही वाचेल!

माझ्या मते दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची. समुद्र शांत असतो आणि दिल्लीच्या धुरातून चार दिवस सुटका होते.

आजी-आजोबा सोबत असतील तर खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. जाहिरातीतल्या भाड्यावर बंदर शुल्क आणि जीएसटी किती, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारा. मुलांची आधार कार्डेही सोबत ठेवा.